कुलूप तुटलं नाही, किल्ली घरच्याच माणसानं दिली (लांबलचक आहे, पण वाचा)

आसराचौकची_लेक | रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सहा महिने झाले, लिहायचं लिहायचं म्हणतेय आणि राहतंय, आज बसलेच.

माझं माहेर होटगी रोडला, आसरा चौकाच्या पुढं. वडील गेल्यापासून आई एकटीच असते, वय ७१. भाऊ पुण्यात, मी इथंच पण विजापूर रोडला. सोलापुरात राहणाऱ्यांना सांगायला नको, आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, ते पण कधी पहाटे तीनला कधी दुपारी एकला. पाण्याच्या दिवशी घरात कुणी नसलं आणि मोटर लागली नाही की पुढचे चार दिवस टँकरवाल्याच्या मागं पळायचं. म्हणून घराची एक जादा किल्ली माझ्या मामेभावाकडं असायची. दोन गल्ल्या सोडून राहतो, वय २६, आईच्या अंगाखांद्यावर वाढलेला, तिनं केलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी डब्यात भरून न्यायचा. मोटरचं बटण स्वयंपाकघरात, व्हॉल्व्ह मागच्या बाजूला, हे सगळं त्याला डोळे झाकून माहीत.

या वर्षी गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी, अक्षता सोहळ्याच्या दिवशी, आई शेजारच्या काकूंबरोबर सम्मती कट्ट्यावर गेली. दरवर्षी जाते. सकाळी दहाला निघाली, गर्दीतून परत येईपर्यंत साडेपाच झाले. कुलूप जसंच्या तसं. आत गेली तर कपाट बंद, देव्हाऱ्यातली चांदीची समई जागेवर, टीव्ही जागेवर. फक्त स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक पेपर पसरलेला आणि त्यावर रव्याचा ढीग. आईची जुनी सवय, दागिने कपाटात ठेवायचे नाहीत, रव्याच्या मोठ्या डब्यात तळाला कापडात गुंडाळून ठेवायचे, वर चार किलो रवा. मोहनमाळ, चार पाटल्या, वडिलांची अंगठी आणि चाळीस हजार रोख. सगळं गेलं. आणि रवा जमिनीवर न सांडता नीट पेपरवर ओतलेला, ते बघून मला आजपण कसंतरी होतं.

पोलीस आले, पंचनामा झाला. पहिला प्रश्न, डब्याचं कुणाला माहीत? आम्ही काय सांगितलं माहितीय का? भांडीवाल्या मावशी. अकरा वर्षं आमच्याकडं काम करणाऱ्या. मजरेवाडीत राहतात, सकाळी तीन घरची धुणीभांडी, दुपारपासून रात्रीपर्यंत विड्या वळतात. त्या दिवशी गड्ड्याची सुट्टी म्हणून त्या आल्याच नव्हत्या, तरी त्यांचं नाव आम्ही दिलं. मी दिलं. माझ्या तोंडून गेलं, "स्वयंपाकघरात त्याच असतात." त्यांना दोन दिवस स्टेशनला बोलावलं, सकाळी अकराला जायच्या ते दिवेलागणीला सुटायच्या. बाकीच्या दोन घरांनी त्यांचं काम बंद केलं.

पाचव्या दिवशी खरं निघालं. मामेभावाला क्रिकेटच्या बेटिंगच्या ॲपवर कर्ज झालेलं, ज्या मित्राकडून पैसे घेतले तो रोज दारात येऊन बसायचा. त्यानं मित्राला किल्ली दिली, डबा कुठं आहे ते सांगितलं आणि स्वतः नंदीध्वजाच्या मिरवणुकीतले फोटो स्टेटसला टाकत बसला. पकडला कशानं गेला तर टाकीनं. त्या दिवशी दुपारी पाणी आलेलं आणि आईची टाकी काठोकाठ भरलेली. मित्रानं पोलिसांना सांगितलं, "त्यानंच सांगितलेलं, जाताना मोटर लाव, नाहीतर आत्याला चार दिवस पाणी नसतंय."

आत्याचे दागिने जाऊ द्यायचे पण पाणी नाही. हे मला अजून पचत नाहीये.

तुमच्यापैकी कुणाकडं असं घरातल्याच माणसाच्या मदतीनं काही झालंय का? तक्रारीत संशय कसा लिहायचा असतो? आणि त्या मावशींचं मी काय करू?

शेंगाचटणी | रात्री १०:५८

ताई वाचून पोटात कालवलं. टाकीचं वाचून तर जास्तच. आईंना जपा. आमच्याकडं पण किल्ली शेजारी असतीय पाण्यासाठी, अख्ख्या सोलापूरची तीच कथा, कुणाला ना कुणाला द्यावीच लागतीय.

खाकी३२ | रात्री ११:२५

मी पोलीस खात्यात ३२ वर्षं नोकरी करून रिटायर झालो. ताई, तुमच्या घरातला पंचनामा वाचूनच कुणीपण जुना हवालदार सांगेल की आतली खबर आहे.

बाहेरचा घरफोड्या कसा येतो? कटावणीनं कडी-कोयंडा उचकटतो, आत शिरला की कपाट, गादीखाली, देव्हारा, माळा, सगळं उलथंपालथं करतो, कारण त्याला माहीत नसतं आणि वेळ कमी असतो. जिथं एकच डबा उघडलाय आणि बाजूची चांदी तशीच, तिथं चोर घर ओळखून आलाय. कुलूप न तुटणं, कुत्रं न भुंकणं, नेमका लग्नाचा नाहीतर जत्रेचा दिवस, आदल्याच आठवड्यात बँकेतून काढलेली रक्कम, ह्या सगळ्या गोष्टींचा एकच अर्थ निघतो. आमच्या भाषेत त्याला टीप म्हणतात. टीप देणारा बऱ्याचदा घटनेच्या वेळी दहा लोकांच्या नजरेसमोर दुसरीकडं असतो, आणि चोरी झाल्यावर सगळ्यात आधी धावत येऊन पाणी आणून देणारा पण तोच असतो. तुमचा मामेभाऊ आला असेल की त्या संध्याकाळी?

पण एक बोलतो, राग मानू नका. आतली खबर म्हटलं की आमचं खातं आणि तुम्ही घरवाले दोघं पण आधी कामवाली, ड्रायव्हर, वॉचमन यांच्याकडं बघतो, कारण त्यांना बोलावणं सोपं. पुतण्याला, जावयाला बोलावलं की घरचेच आमच्या अंगावर येतात, "साहेब तो आमचा माणूस आहे." मी स्वतः असं केलंय. एका केसमधे गड्याला तीन दिवस बसवून ठेवला आणि मुद्देमाल निघाला सुनेच्या भावाकडं. तो गडी पुढं मला बाजारात दिसला की रस्ता बदलायचा.

आणि एक विचारतो. टाकी भरलेली आहे हे आईंना कधी कळलं?

आसराचौकची_लेक | रात्री ११:३८

काका, हो, सगळ्यात आधी तोच आला. आईला चहा पण त्यानंच करून दिला. टाकीचं सांगते, आज नको.

पूर्वभाग_माग | सकाळी ७:१५

आमचा टॉवेलचा छोटा कारखाना अक्कलकोट रोडला. वडिलांनी सोळा मागावर सुरू केला. दोन वर्षांमागं हिशेब जुळंना झाला. सूत आलेलं किलोवर, टॉवेल गेलेला किलोवर, मधे वेस्टेज धरायचं, हे गणित वडिलांच्या बोटावर. ते म्हणायचे सूत कमी पडालंय, मी म्हणायचो वेस्टेज वाढलं असंल, जुने माग आहेत. मग एका रात्री मी झोप येईना म्हणून कारखान्यावर गेलो तर मागच्या दाराला टेम्पो, इंजिन बंद, आणि सुताच्या बॅगा भरायचं काम चालू. टेम्पोवाल्याला फोन करून बोलावणारा माझा सख्खा चुलतभाऊ, ज्याच्याकडं रात्रपाळी आणि गोडाऊनची किल्ली दोन्ही दिलेल्या.

वडिलांनी पोलिसात जाऊ दिलं नाही. म्हणाले समाजात नाव जाईल, त्याच्या बहिणीचं लग्न अडेल. आम्ही गप बसलो. त्याचा परिणाम काय झाला ऐका. चुलत्याच्या घरी आजपण असंच समजतात की आम्हीच त्याला हाकलला आणि त्याचा वाटा खाल्ला. कागदावर काहीच नाही, मग आम्ही काय दाखवणार? आणि त्याच वेळी चार महिने आम्ही रात्रपाळीच्या कामगारांच्या पिशव्या तपासत होतो, जेवणाचे डबे उघडून बघत होतो. त्यातले दोन चांगले विणकर त्या अपमानानं सोडून गेले, ते परत आलेच नाहीत. सुतापेक्षा तो तोटा मोठा आहे.

नवीपेठ_दुकानदार | सकाळी ९:०२

सगळ्यांचं दुःख कळतंय, पण मी सरळ बोलणारा माणूस. कुणावरच भरवसा ठेवायचा नाही. कामवाली, नातेवाईक, नोकर, सगळे एकच. किल्ली कुणाला द्यायची नाही, घरात काय आहे ते बोलायचं नाही. माझ्या दुकानात गल्ल्याला बायको सोडून कुणी हात लावत नाही.

शेंगाचटणी | सकाळी ९:२०

भाऊ दुकानात जमतंय हो. एकटी राहणारी ७१ वर्षांची बाई कुणावरच भरवसा ठेवणार नाही म्हटली तर रात्री छातीत दुखलं तर दार कोण उघडणार? किल्ली द्यावीच लागते. प्रश्न कुणाला आणि किती दिवस, एवढाच आहे. माझी मावशी तर किल्ली देते पण दागिने भाचीच्या लॉकरमधे. बँकेचं लॉकर घ्या, हे मात्र मी पण सांगेन.

वकीलकाका_सातरस्ता | सकाळी १०:४५

मी फौजदारी कामं बघतो. ताईंनी विचारलंय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू. राहत्या घरातली चोरी कलम ३०५, सात वर्षांपर्यंत शिक्षा. नोकरानं मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर ३०६, ते पण सात वर्षांपर्यंत. पूर्वभागवाल्या दादांच्या केसमधे गोडाऊन विश्वासानं सोपवलेलं होतं, तिथं चोरीच्या ऐवजी फौजदारी विश्वासघात, कलम ३१६ येतं. वस्तू ताब्यात दिली होती का नुसती घरात होती, यावर कलम बदलतं, म्हणून तक्रार लिहिताना "किल्ली त्याच्याकडं आम्हीच दिली होती, या कामासाठी, या महिन्यापासून" हे स्पष्ट लिहा.

आता मुख्य मुद्दा. लोकांना वाटतं जो जागेवर नव्हता त्याचं काय होणार. तसं नसतं. कलम ४५ मधे अपप्रेरणा म्हणजे काय ते सांगितलंय, त्यात चिथावणी देणं, कटात सामील होणं आणि जाणूनबुजून मदत करणं तिन्ही येतं. मदतीमुळं गुन्हा घडला तर कलम ४९ खाली मदत करणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. आधी ठरवून केलं असेल तर कट, कलम ६१. किल्ली देणं, डबा सांगणं, "आज घरी कुणी नाही" एवढा फोन करणं, सगळं यात बसतं. माल विकत घेणारा सराफ जाणूनबुजून घेत असेल तर त्याला ३१७.

संशय कसा लिहायचा? नाव घेऊन "माझा यांच्यावर संशय आहे" असं लगेच लिहू नका. वस्तुस्थिती लिहा. किल्ल्या किती, कुणाकुणाकडं. दागिने कुठं ठेवले ते कुणाकुणाला माहीत. त्या दिवशी कोण येणार होतं, कोण आलं नाही. यात मुलगा, जावई, भाचा, कामवाली सगळ्यांची नावं एका रांगेत येऊ द्यात. कुणाला वगळायचं ते तपासणारा ठरवेल. ताई, तुमच्या यादीत एकच नाव होतं, चूक तिथं झाली.

दुसरं, त्या मावशींबद्दल. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर महिलेला तिच्या राहत्या ठिकाणाशिवाय दुसरीकडं हजर राहायला लावता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. आधीच्या कायद्यात पण हेच होतं. घरी जाऊन जबाब घ्यायला पाहिजे होता. संशयित म्हणून बोलवायचं तर रीतसर लेखी नोटीस लागते. त्यांना हे कुणी सांगितलं नसणार.

दागिने सापडले असतील तर केस संपेपर्यंत पडून ठेवू नका. मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करा, फोटो आणि पंचनामा करून बंधपत्रावर परत मिळतात. सुंदरभाई अंबालाल देसाई या २००२ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की मुद्देमाल पोलीस स्टेशनात सडू देऊ नका. जुनी बिलं, लग्नातले अंगावर दागिने घातलेले फोटो, काहीही चालतं ओळख पटवायला.

खाकी३२ | सकाळी ११:१०

वकीलसाहेब बरोबर. त्यात एक घाला, समोरच्या घराच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पहिल्याच दिवशी मागून घ्या. जागा भरली की डीव्हीआर जुनं आपोआप पुसत जातो. पंधरा दिवसांनी घरच्यांना अक्कल येते तोवर काही उरलेलं नसतं.

पुण्यातला_सोलापुरी | दुपारी १:३०

ट्रेनमधे बसून वाचतोय. चोरीवर थांबलं ते नशीब म्हणा ताई.

पुण्यात २६ ऑगस्ट १९९४ ला कोथरूडमधे राठी कुटुंबातली सात माणसं मारली गेली, त्यात लहान मुलं आणि एक गरोदर बाई. करणाऱ्यांमधला एकजण त्यांच्याच मिठाईच्या दुकानात काम केलेला. दार उघडलं गेलं कारण चेहरा ओळखीचा होता. तिघांपैकी एक माफीचा साक्षीदार झाला, दोघांना फाशीची शिक्षा झाली, आणि त्यातला एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे सिद्ध झाल्यावर मार्च २०२३ मधे सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं, २८ वर्षं आत काढल्यावर.

त्याच्याही आधीचं जोशी-अभ्यंकर हत्याकांड, १९७६-७७. माझे आजोबा तेव्हा सदाशिव पेठेत राहायचे, ते सांगायचे की अंधार पडला की अख्खी पेठ दारं लावून बसायची, सगळ्यांना वाटायचं बाहेरून कुणी टोळी आलीय. निघाली कॉलेजची पोरं. आणि त्यांचा पहिला बळी कोण, तर त्यांच्याच कॉलेजातला मित्र. हॉटेलवाल्याचा मुलगा, त्याला बोलावून नेलं, "मी घर सोडून जातोय" अशी चिठ्ठी त्याच्याच हातानं लिहून घेतली, मारलं, आणि नंतर वडिलांकडं पैसे मागितले. तो मित्रांबरोबर गेला म्हणूनच कुणाला आधी काळजी वाटली नसणार. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली.

हे भीती घालायला सांगत नाहीये. नवीपेठवाल्या भाऊंना सांगतोय, की राठींनी किंवा त्या मुलानं काय चूक केली? ओळखीच्या माणसाला दार उघडलं. ही चूक म्हणायची का?

गिरणीतला_पेन्शनर | दुपारी ४:०५

माझं छोटं आहे तुमच्यापुढं पण लिहितो. मी गिरणीत होतो, गिरणी बंद पडल्यावर पुढं वीस वर्षं एका शाळेत शिपाई. पेन्शन येते मोबाईलवर मेसेज. मला ते यूपीआय काही जमत नाही, शेजारचा पोरगा करून द्यायचा, लाईट बिल, गॅस, सगळं. फार गुणी पोरगा, आजोबा आजोबा करायचा. पिन चार आकडी, मी त्याला सांगितला, कारण दर वेळी चष्मा शोधून आकडे दाबायचे म्हणजे. एक दिवस त्याच्या मित्रानं फोन घेतला "आजोबा गेम बघतो" म्हणून. तीन वेळा मिळून अठरा हजार गेले. मेसेज आले होते, पण मेसेज पण तोच पोरगा वाचून दाखवायचा ना मला. त्यानं वाचलेच नाहीत. सव्वा महिन्यानं पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं.

बँकेत गेलो तर साहेब म्हणाले पिन तुम्ही दिला, आम्ही काय करणार. पोरगा रडत होता, म्हणाला मित्रानं सांगितलं दोन दिवसात परत टाकतो. मी तक्रार केली नाही. पण पोरगा आता येत नाही, आणि मला दुसऱ्या कुणाला फोन हातात द्यायची हिंमत होत नाही. लाईट बिल भरायला चालत जातो.

वकीलकाका_सातरस्ता | दुपारी ४:४०

आजोबा, छोटं नाही हे. बँकेच्या साहेबांनी सांगितलं ते दुर्दैवानं अर्धं खरं आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. तुमची आणि बँकेची दोघांचीही चूक नसेल आणि मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच जबाबदारी नाही. पण पिन स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून पुढं कधी असं दिसलं तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, मग बँकेत लेखी. जितक्या लवकर फोन तितकी पैसे वाटेत अडवायची शक्यता जास्त. आणि पिन आजच बदला, नातीला सुद्धा सांगू नका, आकडे दाबायला चष्मा लागला तर लागू दे. फोन कुणीतरी धरू दे, पिन तुमच्या बोटानं.

वर कुणी लॉकरचं म्हणालं. १ जानेवारी २०२२ पासून नियम आहे, बँकेच्या कर्मचाऱ्याच्या लबाडीमुळं किंवा चोरी, आग वगैरेमुळं लॉकरमधलं गेलं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. म्हणजे भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. दागिने दहा लाखाचे असले तरी तेवढेच. हे माहीत असू द्या.

मधलामारुती | संध्याकाळी ६:१५

सगळं बरोबर, पण मला एक खटकतंय. स्वतःच्या भावाच्या पोरावर केस? २६ वर्षांचा पोरगा, आता त्याला नोकरी लागणार नाही, लग्न होणार नाही. सोनं अर्धं मिळालं असंल, बाकीचं मामानं भरून दिलं असतं. घरातलं घरात मिटवायला पाहिजे होतं. आमच्या घरात असं झालं होतं तर आजीनं पोराला समोर बसवून चार थोबाडीत मारल्या आणि विषय संपवला. तो पोरगा आज चांगला संसार करालाय.

पूर्वभाग_माग | संध्याकाळी ६:५०

दादा, तुमच्या आजीनं त्याला समोर बसवला ना, सगळ्यांसमोर सांगितलं ना की ह्यानं केलं? आमच्यात ते पण झालं नाही. मिटवलं म्हणजे झाकलं. आणि झाकायचं तर ज्यांच्यावर आळ आला त्यांचं काय? माझ्याकडचे दोन विणकर बाहेर सांगत फिरणार का, की बाबांनो आम्ही सूत चोरलं नव्हतं?

खाकी३२ | संध्याकाळी ७:२०

आणि एफआयआर एकदा झाली की "तक्रार मागं घेतो" असा कागद आणून दिला म्हणून संपत नाही, पुढं जे काय ते कोर्टातच. त्यामुळं आधी गप बसून आणि मग दुसऱ्याचं नाव देऊन मग परत मागं घेणं, यात सगळ्यात जास्त मधला गरीब माणूस भरडतो. मामाला पोरगा वाचवायचा असतो, त्याला मी नावं ठेवत नाही. पण पोराला वाचवायला बाईला पुढं करायचं, हे मी लई वेळा बघितलंय.

आसराचौकची_लेक | रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. काका, तुम्ही टाकीचं विचारलं होतं, आज सांगते.

आईला पहिल्याच रात्री कळलं होतं. परत आल्यावर ती पाय धुवायला मोरीत गेली, नळ सोडला आणि पाणी जोरात आलं. सकाळी निघताना टाकी तळाला गेलेली, बादली भरायला वेळ लागत होता. तिला तिथंच समजलं की कुणीतरी मोटर लावलीय, आणि मोटर कुणाला लावता येते हे तिला माहीत होतं. बाहेर पोलीस रवा मोजत होते. ती बाहेर आली, सोफ्यावर बसली, आणि भाच्यानं दिलेला चहा प्यायली. बोलली नाही. मी मावशींचं नाव घेतलं तेव्हा पण बोलली नाही. पहिल्या दिवशी मावशी स्टेशनला, दुसऱ्या दिवशी पण. चौथ्या रात्री मला फोन केला, नुसती श्वास घेत राहिली, मग म्हणाली, "टाकी भरलेली होती गं." एवढंच. मी म्हटलं म्हणजे काय, तर म्हणाली, "तू समज. मला त्याचं नाव घ्यायला लावू नको."

मी तिच्यावर रागावले होते, खूप. आता राग येत नाही. तिनं त्या पोराला न्हाऊ घातलंय. पण चार दिवस तिची जीभ जड होती आणि त्या चार दिवसांची किंमत भलत्याच बाईनं दिली, हे ती पण जाणते. तेव्हापासून ती रवा खात नाही, उपमा शिरा काही नाही.

मधलामारुती दादा, मामानं पण तेच म्हटलं, घरात मिटव. आईनंच नको म्हटलं. म्हणाली, मिटवलं तर मावशींच्या नावावरचं कसं मिटेल.

पाटल्या मिळाल्या, कोर्टात अर्ज करतोय वकीलकाकांनी सांगितला तसा. मोहनमाळ वितळवली गेली, लगड सापडली. मामेभाऊ जामिनावर आहे. आईकडं आला नाही, पण पाण्याच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी उभा असतो असं काकू सांगतात.

शेंगाचटणी | रात्री १०:१०

ताई मावशींकडं गेलात का तुम्ही? लिहून काही होणार नाही, जा.

आसराचौकची_लेक | दुसऱ्या दिवशी, रात्री ८:३०

गेले आज. मजरेवाडीत घर शोधायला अर्धा तास गेला. अकरा वर्षांत मी कधी गेले नव्हते तिथं, दारात उभी राहिल्यावर ते आधी जाणवलं.

मावशी ओसरीला बसलेल्या, मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि भिजवून कापलेली पानं. मला बघून उठल्या नाहीत, हात पण थांबवला नाही. सूनबाईनं पाणी आणलं. मी बोलायला लागले, माझं नाव घेणं, माझी चूक, सगळं. त्या विडीचं तोंड नखानं दाबत ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "टाकी भरलेली मला बी दिसली होती ताई. दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्याला बसले तवाच."

मी म्हटलं मग सांगितलं का नाही कुणाला? तर म्हणाल्या, "मी तुमच्या घरच्या पोराचं नाव घेतलं असतं तर तुम्ही मला आणि जास्त धरलं असतं."

याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पैशाचं पाकीट नेलं होतं, घेतलं नाही. कामावर परत या म्हटलं, मान हलवली, नको. मग मीच विचारलं की काय करू, तर खूप वेळ गप राहून म्हणाल्या, "ती दोन घरं हायत ना, तिथं जाऊन सांगा. तुमच्या आईनं सांगावं. मी चोर न्हाई म्हणून मी सांगितलं तर कोण ऐकतंय." आणि वर म्हणाल्या, "कागदावर लिवून बी द्या, सही करून. पोराला नोकरीला लावायचंय, वॉचमनच्या, तिथं इचारतात."

वकीलकाका, असा कागद कसा लिहायचा?

वकीलकाका_सातरस्ता | रात्री ९:०५

साध्या कागदावर चालेल ताई, स्टॅम्पची गरज नाही. आईंच्या नावानं लिहा. गुन्ह्याचा नंबर आणि तारीख घाला, त्या अकरा वर्षं कामाला होत्या, घटनेच्या दिवशी त्या आल्या नव्हत्या, सुरुवातीला त्यांचं नाव आमच्या सांगण्यावरून पुढं आलं, तपासात त्यांचा काहीही संबंध निघाला नाही, आमची त्यांच्याविषयी कोणतीही तक्रार नाही. "आणि नव्हती" असं मात्र लिहू नका, कारण ती होती. खाली आईंची सही, तुमची सही, फोन नंबर, म्हणजे कुणाला विचारायचं तर विचारू शकेल. दोन प्रती करा. मुलाच्या पोलीस व्हेरिफिकेशनला अडचण आली तर मला मेसेज करा, फी नको.

आसराचौकची_लेक | रात्री ९:४०

लिहिला. आईला वाचून दाखवला. "आमच्या सांगण्यावरून" तिनं खोडायला लावलं आणि त्या जागी स्वतःच्या हातानं लिहिलं, "माझ्या गप्प बसण्यामुळं". अक्षर थरथरलंय पण वाचता येतंय.

उद्या तिला घेऊन त्या दोन्ही घरी जातेय. सकाळी लवकरच निघू, पाण्याचा दिवस आहे.